बेड टॅक्स, बेसबॉल आणि ३१ मार्च

फ्लोरिडाच्या पिनेलस काउंटीत हॉटेलची खोली घेतली की भाड्यावर १३ टक्के कर पडतो. त्यातले ७ टक्के साधा विक्रीकर. उरलेले ६ टक्के म्हणजे ‘टुरिस्ट डेव्हलपमेंट टॅक्स’, ज्याला इथे लहानथोर सगळे बेड टॅक्स म्हणतात. ट्रेझर आयलंडच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या मोटेलचे हिशेब मी पाहते. खोली १२० डॉलरची असेल तर ७ डॉलर २० सेंट बेड टॅक्सचे. महिनाभराचे ते पैसे एकत्र करायचे आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत भरून टाकायचे. वर्षानुवर्षं हे काम करताना तो पैसा पुढे कुठे जातो, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गिऱ्हाईक काउंटरवर कुरकुर करायचं आणि मी "सरकारी आहे हो" म्हणून मोकळी व्हायचे.

सप्टेंबर २०२३ मध्ये बातमी आली की आमच्या शेजारच्या सेंट पीटर्सबर्ग शहराच्या ऐन मध्यावर बेसबॉलचं नवं स्टेडियम होणार आणि त्यात काउंटी ३१ कोटी २५ लाख डॉलर घालणार, तेही बेड टॅक्समधून. मोटेलचे मालक नडियादचे. मी त्यांना भाई म्हणते, ते मला बेन म्हणतात. भाईंनी वर्तमानपत्र माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाले, "बेन, आ तो आपणा पैसा छे. जरा वाचून काढ." तिथून माझं हे प्रकरण सुरू झालं.

आकडे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. स्टेडियम १३० कोटी डॉलरचं, ३० हजार खुर्च्यांचं. त्यात टँपा बे रेज हा संघ ७० कोटी घालणार, काउंटी ३१.२५ कोटी आणि शहर २८.७५ कोटी. शिवाय रस्ते, गटारं, पाण्याच्या लाइनी यांसाठी शहराचे आणखी १३ कोटी. स्टेडियमच्या भोवती, एकूण ८६ एकरांवर, संघ आणि हाइन्स ही बांधकाम कंपनी मिळून पुढच्या वीसेक वर्षांत घरं, कार्यालयं, हॉटेल, दुकानं उभी करणार. सगळं मिळून ६५० कोटींचा प्रकल्प. त्यातली ६० एकरांच्या वर जमीन विकासकाला टप्प्याटप्प्यानं साडेदहा कोटींना मिळणार होती. विरोधकांचं म्हणणं, हा भाव म्हणजे जमीन फुकट दिल्यासारखंच.

या जमिनीचा इतिहास मला तोवर माहीत नव्हता. आज जिथे ट्रॉपिकाना फील्ड नावाचं जुनं घुमटाचं स्टेडियम आणि त्याच्याभोवती डांबरी पार्किंगचं मैदान पसरलंय, तिथे गॅस प्लांट नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. गॅसच्या दोन प्रचंड टाक्यांवरून ते नाव पडलं. शहरानं १९७० च्या दशकाच्या शेवटी पुनर्विकासाच्या नावाखाली ती ताब्यात घ्यायला सुरुवात केली. लोकांना सांगितलं, नवी घरं देऊ, कारखाने आणू, नोकऱ्या देऊ. पाचशेहून जास्त कुटुंबं उठली, नऊ चर्चं पडली. मग बेत बदलला आणि स्टेडियमचं ठरलं. गंमत म्हणजे स्टेडियम बांधलं तेव्हा शहराकडे संघच नव्हता. नवरदेवाचा पत्ता नाही आणि मांडव उभा. शिकागोच्या व्हाइट सॉक्सनी "आम्ही सेंट पीटर्सबर्गला चाललो" अशी भीती घालून १९८८ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाकडून स्वतःसाठी नवं स्टेडियम पदरात पाडून घेतलं आणि ते तिथेच राहिले. इथला घुमट १९९० मध्ये उघडला आणि त्यात बेसबॉलचा पहिला अधिकृत सामना झाला तो ३१ मार्च १९९८ ला.

या कराराच्या वेळचे महापौर केन वेल्च हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांचं कुटुंब त्याच वस्तीतलं, आजोबांची लाकडाची वखार तिथेच होती. त्यामुळे हा करार त्यांच्यासाठी नुसता बेसबॉलचा नव्हता. परवडणारी आणि मध्यम भाड्याची मिळून १२५० घरं, वस्तीच्या वारसांसाठी आणि स्थानिकांसाठी ५ कोटी डॉलरच्या योजना, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या वुडसन संग्रहालयाला जागा, हे सगळं त्यांनी करारात आणलं होतं.

करार म्हणजे एक कागद नसतो, हे मला पहिल्याच रात्री कळलं. जमिनीच्या पुनर्विकासाचा करार वेगळा, स्टेडियम बांधण्याचा आणि पैसे देण्याचा वेगळा, वापराचा वेगळा, संघानं ३० वर्षं गाव सोडून जायचं नाही याचा वेगळा. परिशिष्टं धरून शेकडो पानं. शहराच्या संकेतस्थळावर सगळी टाकलेली होती, हे खरंच कौतुकास्पद. मी लालबागची. गिरण्यांच्या जमिनींचं १९९१ चं कलम ५८ आणि त्यात २००१ मध्ये झालेला बदल आमच्या घरात जेवताना निघायचा. आधी गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला असं होतं. बदलानंतर तो हिस्सा फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या पडलेल्या जमिनीवर लावायचा ठरला, आणि एकरांचे गुंठे झाले. त्या घरात वाढल्यामुळे मी असले कागद उलट्या बाजूनं वाचते. आधी शेवट, मग अटी, मग व्याख्या, आणि पैशांचे आकडे सगळ्यात शेवटी, कारण ते पेपरात येतातच.

शहराच्या वाट्याचा पैसा कुठून येणार, ते समजायला मला वेळ लागला. शहराच्या मध्यभागाची एक हद्द आखलेली आहे. त्या हद्दीतल्या मालमत्तांची किंमत एका ठरावीक वर्षी जेवढी होती, तेवढ्यावरचा कर नेहमीसारखा तिजोरीत. नंतर किंमत जितकी वाढली तितक्या वाढीवरचा कर मात्र त्याच हद्दीत खर्च करायचा. त्या वाढीच्या भरवशावर रोखे काढायचे, आज स्टेडियम बांधायचं आणि पुढची ३० वर्षं फेडत बसायचं. आमचा बेड टॅक्स आणखी सोवळ्यातला. राज्याच्या कायद्यानं तो पर्यटनाची जाहिरात, किनाऱ्यावर वाळू टाकणं, अधिवेशन केंद्रं, खेळाची स्टेडियमं अशा ठरावीक गोष्टींनाच चालतो. सभांमध्ये माणसं पोटतिडकीनं म्हणायची, "हे पैसे घरांना द्या." काउंटीनं मनात आणलं असतं तरी तिला ते करता येत नव्हतं.

करारातलं एक कलम सगळ्यांच्या तोंडी होतं: खर्च वाढला तर तो संपूर्ण संघाचा. शहराचे वकील, महापौर, पाठिंबा देणारे नगरसेवक, सगळे ते अभिमानानं सांगत. आणि खरंच, अमेरिकेतल्या अशा करारांमध्ये वाढीव खर्च बरेचदा करदात्यांच्या गळ्यात पडतो, त्या मानानं हे कलम चांगलंच होतं. पण मागच्या पानांवर दुसरी एक गोष्ट होती. संघानं आपल्या वाट्याच्या पैशांची व्यवस्था दाखवणं वगैरे अटी पुऱ्या करायला ३१ मार्च २०२५ ही मुदत होती. त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर करार आपोआप गुंडाळला जाणार. म्हणजे वाढीव खर्चाची जबाबदारी पक्की, पण ती अंगावर घ्यायची की नाही हे ठरवायला संघाला ३१ मार्चपर्यंत मोकळीक. आपल्याकडे ३१ मार्च म्हणजे हिशेबनिसांची दिवाळी आणि शिमगा एकत्र, त्यामुळे ती तारीख माझ्या डोळ्यांत भरली असेल. पण ती तशीही भरायला हवी होती.

१८ जुलै २०२४ ला शहर परिषदेत मतदान होतं. सभागृह तसं लहान. एका बाजूला संघाचे निळे शर्ट, एका बाजूला बांधकाम कामगारांच्या युनियनचे एकाच रंगाचे टी-शर्ट, मागे विरोधकांच्या पाट्या. चिठ्ठी भरून द्यायची, नाव पुकारलं की उभं राहायचं, नाव आणि पत्ता सांगायचा, मग तीन मिनिटं. माझ्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे, मत देता येत नाही, पण इथे बोलायला कोणी नागरिकत्व विचारत नाही. ही गोष्ट मला फार आवडते.

माझ्या शेजारच्या खुर्चीत सत्तरीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत फोटोची चौकट. फोटोत लाकडी पडवीचं बैठं घर, पायरीवर तीन मुलं, त्यातली मधली त्या. "हे आता पार्किंग आहे," एवढंच म्हणाल्या. मी धरून चालले होते की त्या विरोधात बोलणार. त्या पाठिंब्याला आल्या होत्या. "पहिल्यांदाच आमचं नाव लिहून काहीतरी देतायत. बेसबॉल मला कळत नाही, पण त्याच्याशिवाय हे मिळणार नसेल तर बेसबॉल होऊ दे." त्यांच्या मागच्या रांगेत त्याच वस्तीतले एक गृहस्थ होते, ते मात्र तावातावानं विरोधात बोलले: एकदा फसलो, परत त्याच जमिनीवर त्याच खेळाच्या नावानं फसणार नाही. दोघांचंही मला पटत होतं, आणि करारात या दोघांना वेगवेगळं उत्तर द्यायची सोयच नव्हती. घरं हवीत पण स्टेडियम नको, असं मत नोंदवायला जागाच नाही. घ्यायचं तर सगळं घ्या.

माझी पाळी आली तेव्हा समोरच्या पडद्यावर सेकंद उलटे पळायला लागले आणि पाठ केलेली पहिली दोन वाक्यं विसरायच्या आत मी सरळ प्रश्नावर गेले: वाढीव खर्च संघाचा, हे छान. पण ३१ मार्चच्या आधीच खर्च वाढला आणि संघ निघून गेला, तर तोपर्यंतचा वेळ, कामं आणि या बारा-पंधराशे घरांचं काय? अशा सभांमध्ये परिषद बोलणाऱ्यांना उत्तर देत नाही, तशी पद्धतच आहे. बाहेर व्हरांड्यात करारावर काम केलेल्या एका गृहस्थांनी मला गाठलं आणि फार सभ्यपणे सांगितलं, की संघाचे आत्तापर्यंतच इतके पैसे आणि वर्षं यात गेली आहेत, की या टप्प्यावर सोडून जाणं त्यांना परवडणार नाही. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. फक्त तर्क करारात लिहिलेला नव्हता.

मतदान ५ विरुद्ध ३ असं झालं. रिची फ्लॉइड, लिसेट हॅनविट्झ आणि जॉन मुहम्मद विरोधात. ३० जुलैला काउंटीच्या सभेत ५ विरुद्ध २ नं मंजुरी मिळाली. त्या सभेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काउंटीचा कारभार क्लिअरवॉटरहून चालतो आणि तिथे हा विषय भावनांचा कमी आणि पर्यटनाचा जास्त होता. घरी आल्यावर भाईंनी विचारलं, "शुं थयुं?" मी म्हटलं, पास. ते म्हणाले, "मला वाळू पाहिजे, बेसबॉल नको." किनाऱ्यावरची वाळू दर वर्षी खचते आणि आमच्या मोटेलचं गिऱ्हाईक वाळूसाठी येतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदी रोखठोक होतं.

त्या वर्षी गणपतीत टँपाकडच्या मराठी मंडळींशी यावरून भरपूर वाद झाला. ते सगळे खाडीच्या पलीकडचे. त्यांचं म्हणणं, संघाचं नाव टँपा बे आणि सामना पाहायला आम्ही हॉवर्ड फ्रँकलंड पुलावर दीड तास ट्रॅफिकमध्ये, म्हणून तर तुमच्या स्टेडियममध्ये गर्दी होत नाही. तुम्ही परत त्याच जागी नवं बांधताय! यात तथ्य होतं, आणि मी प्रसादाचं ताट पुढे करून विषय बदलला.

मग वादळं आली. २६ सप्टेंबरला हेलीन. समुद्र रस्त्यावर आला आणि आमच्या तळमजल्याच्या खोल्यांमध्ये कमरेएवढं पाणी शिरलं. गाद्या, फ्रीज, भिंतींचे पत्रे सगळं रस्त्याच्या कडेला ढिगात. तो ढीग उचलला जायच्या आत ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन. ट्रॉपिकाना फील्डमध्ये तेव्हा मदतकार्यातल्या माणसांसाठी खाटा मांडून ठेवल्या होत्या. वाऱ्यानं घुमटाचं कापडी छप्पर फाटून त्याच्या चिंध्या झाल्या. नंतर कळलं की शहरानं त्याच वर्षी स्टेडियमचा विमा १० कोटींवरून अडीच कोटींवर आणला होता. दुरुस्तीचा अंदाज निघाला साडेपाच कोटींच्या वर.

यानंतर प्रत्येकाची गणितं बदलली. २०२५ च्या हंगामासाठी संघानं खाडीपलीकडे टँपात, यांकीज संघाच्या सरावाच्या स्टाइनब्रेनर फील्डवर खेळायचं ठरवलं. काउंटीच्या लोकांना ते झोंबलं. इकडे किनाऱ्यावर वाळू टाकायला केंद्राची मदत जमिनीच्या हक्कांच्या वादात अडकली होती, आणि काउंटीच्या सभेतले काही सदस्य, म्हणजे कमिशनर, उघड म्हणू लागले की बेड टॅक्स आधी वाळूला. रोखे काढायचं शेवटचं मतदान २९ ऑक्टोबरला व्हायचं होतं, ते पुढे ढकललं गेलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत दोन नवे कमिशनर आले आणि १९ नोव्हेंबरला ते पुन्हा पुढे गेलं. संघाचं पत्र आलं: या उशिरामुळे २०२८ ला स्टेडियम उघडणं आता शक्य नाही, आणि वर्षभराच्या उशिराचा वाढीव खर्च एकट्यानं सोसणं आम्हाला परवडणार नाही.

हे पत्र मी मोटेलच्या पार्किंगमध्ये, विमा कंपनीच्या माणसाची वाट बघत मोबाइलवर वाचलं. ज्या कलमाबद्दल सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली होती, तेच कलम आता संघाच्या निघून जाण्याचं कारण बनत होतं. खर्च वाटून घ्यायचा असता तर संघ कदाचित कुरकुरत का होईना बसला असता. सगळा एकाच्या डोक्यावर, आणि त्याच्यासाठी दार उघडं, म्हटल्यावर तो दाराकडेच बघणार. यात कोणी कोणाला फसवलं असं मला वाटत नाही. दोन कलमं एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचलीच नाहीत, किंवा वाचली आणि वादळाचा विचार केला नाही. फ्लोरिडात!

२१ नोव्हेंबरच्या शहर परिषदेचा प्रकार तर मी ऑनलाइन बघताना डोक्याला हात लावला. जुन्या घुमटाच्या दुरुस्तीची सुरुवात म्हणून २ कोटी ३० लाखांच्या आसपासचा खर्च त्यांनी मंजूर केला आणि त्याच सभेत काही तासांनी परत मतदान घेऊन रद्द केला. त्यांच्या जागी मी असते तरी गोंधळले असते. वापराच्या जुन्या करारानुसार घुमट दुरुस्त करून देणं शहरावर बंधनकारक, पण संघ राहणार की नाही कोणालाच माहीत नाही.

डिसेंबरमध्ये शहरानं ४ विरुद्ध ३ नं आणि काउंटीनं १७ तारखेला ५ विरुद्ध २ नं रोखे मंजूर केले. सार्वजनिक बाजूचं सगळं काम झालं. आता चेंडू संघाकडे होता आणि हातात साडेतीन महिने. या काळात माझं रोजचं काम म्हणजे ड्रायवॉलच्या, म्हणजे भिंतींच्या पत्र्यांच्या, पावत्या आणि आपत्ती कर्जाचे फॉर्म. आमच्या १४ खोल्या सुरू झाल्या तेव्हा बेड टॅक्सचा रकाना शून्यावरून परत हलला, त्याचा आनंद मलाच झाला.

१३ मार्च २०२५ ला संघाचे मालक स्टुअर्ट स्टर्नबर्ग यांचं निवेदन आलं की ते हा प्रकल्प पुढे नेणार नाहीत. मुदतीच्या अठरा दिवस आधी. कोणावर दावा नाही, दंड नाही, करारभंग नाही. करारानं दिलेली सोय त्यांनी वापरली. वर्ष संपायच्या आत त्यांनी संघच विकून टाकला, जॅक्सनव्हिलचे घरबांधणी व्यावसायिक पॅट्रिक झालुप्स्की यांच्या गटाला, सुमारे १७० कोटी डॉलरना. नव्या मालकांची नजर टँपाकडे आहे. पुलाचं गाऱ्हाणं घालणारी आमची मित्रमंडळी अर्थात खूश.

शहराला मात्र जुन्या घुमटावर छप्पर घालावंच लागलं. संघ दुसरीकडे स्टेडियम शोधत असताना इथले करदाते त्याच्या डोक्यावर कापड ताणत होते. वादळात एक हंगाम वाया गेल्यानं जुना करार २०२८ पर्यंत लांबला, तेवढ्या काळासाठी.

आणि १२५० घरं? संग्रहालयाची जागा? ते ५ कोटी? स्टेडियम नाही तर करार नाही, आणि करार नाही तर त्यातलं काहीच नाही. फोटोची चौकट घेऊन आलेल्या बाई मला मार्चनंतर एकदा एका बैठकीत भेटल्या. रागावल्या नव्हत्या, माझ्यापेक्षा शांत होत्या. जमिनीसाठी आता नवे विकासक येतील, नवी चित्रं दाखवतील, असं बोलणं चाललं होतं. त्यांचा मुद्दा एकच होता, घरांचा करार वेगळा करा, कोणाच्या खेळाला बांधू नका. मी तेच माझ्या शब्दांत लिहून दिलं: पुढच्या वेळी जमीन आणि घरं यांचं एक बाड, उरलेलं सगळं दुसऱ्या बाडात, आणि बाहेर पडायची मुदत दोन्ही बाजूंना सारखी.

बेड टॅक्स वर्षाला ९ कोटी डॉलरच्या वर जमतो आणि स्टेडियमसाठी राखलेला हिस्सा मोकळा झाला. २०२५ मध्ये काउंटीनं किनाऱ्यावर वाळू टाकायचं मोठं काम स्वतःच्या पैशानं काढलं, त्यात आमचा ट्रेझर आयलंडही आला. भाईंना हवी ती वाळू मिळाली. गॅस प्लांटच्या जमिनीवर घरं बांधायला मात्र या पैशातला एक डॉलरही इथल्या काउंटीला वापरता येत नाही. तो कायदा राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीत ठरतो, क्लिअरवॉटरला नाही.